शेवटच्या पानावरचा शिक्का

शाळेत नवी पुस्तकं आली की सगळ्यांत आधी ती मुलांपासून वाचवावी लागतात. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण लिहिलेल्या नियमांना लाज वाटावी इतक्या काटेकोरपणे तो पाळला जायचा. म्हणून त्या कादंबरीच्या चाळीस प्रती आल्या त्याच दिवशी काचेच्या कपाटात गेल्या, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली ग्रंथपालबाईंच्या पर्समध्ये जाऊन पडली.

"तपासणी होईपर्यंत एकही प्रत बाहेर जाता कामा नये," मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, बजावलं. "पोरं हात लावतील."

"अहो सर, हात लावल्याशिवाय वाचणार कशी?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"वाचायचंय कुणाला? अभ्यासायचंय!"

त्याचं असं झालं होतं, की वरून आदेश आला होता. सातवीच्या मुलांनी एका अद्भुत कादंबरीचा आनंद घ्यावा, आणि तो घेतला की नाही हे बघायला तीन आठवड्यांनी साहेब येणार. आनंद कसा मोजायचा याचा तक्ताही सोबत जोडला होता.

कादंबरी होती मोठी झकास. एका वर्गात हजेरी चालू असताना 'हजर' म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला एकेक जादूची शक्ती मिळते. एक पोरगा नजरेनं घंटा वाजवतो. एक जण फळ्यावरची अक्षरं भिंतीवरून मुंग्यांसारखी चालवतो. आणि एका गप्प गप्प मुलीला समोरचा माणूस जे बोलत नाही ते ऐकू येतं. पुस्तकातल्या मुख्याध्यापकांना या सगळ्या शक्ती जप्त करून कपाटात ठेवायच्या असतात. मोठ्या सरांनी पुस्तक उघडलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना राग यायचा प्रश्न नव्हता.

ग्रंथपालबाईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. वाचनाची ही खोली त्यांनी अकरा वर्षं स्वतःच्या हातांनी झाडली होती. फाटकी पुस्तकं शिवली होती, उंच खिडक्यांना पडदे लावले होते, आठवड्याचा एक वाचनतास वेळापत्रकात भांडून मिळवला होता. त्या खोलीवर खेळाचे सर दोन वर्षांपासून डोळा ठेवून होते. त्यांना जाळी, चेंडू आणि मोडकी बाकं ठेवायला जागा हवी होती. मोठ्या सरांनी स्वच्छच सांगितलं होतं, "तपासणी चांगली झाली तर खोली तुमची, वाचनतास तुमचा. नाहीतर बाई, मी तरी काय करणार?" मोठ्या सरांना जेव्हा काही करायचं नसे, तेव्हा ते असंच विचारत.

अभ्यासाचं काम भाषेच्या बाईंकडे आलं. मुलं त्यांना उत्तरबाई म्हणत, कारण प्रश्न संपायच्या आत त्यांचं उत्तर फळ्यावर तयार असे. त्यांनी पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावरच्या आठ ओळी वाचल्या आणि त्यांवर एकतीस प्रश्न काढले. आठ ओळींतून एकतीस प्रश्न! जादू जादू म्हणतात ती आणखी काय असते?

'तुम्हाला कुठली शक्ती आवडेल?' या प्रश्नासाठी आधी त्यांनी मुलांना शक्ती वाटून दिल्या आणि त्याचा रंगीत तक्ता भिंतीला लावला. दुसऱ्याच दिवशी एक वडील तणतणत आले.

"शेजाऱ्यांच्या मुलाला उडायची शक्ती आणि आमच्या मुलाला पेन्सिल हलवायची? पेन्सिल तर हातानंही हलते!"

त्यांच्या पाठोपाठ एक आई. "आमच्या मुलीला मनातलं ऐकू येण्याची शक्ती नको. घरी चार माणसं येतात-जातात. सासूबाई आहेत."

तिसऱ्यांनी तर उडण्याच्या शक्तीला अपघाताचा विमा आहे का, असं लेखी विचारलं. मोठे सर वैतागले. त्यांनी तक्ता उतरवला आणि सर्व मुलांना सारखीच शक्ती द्यावी असा हुकूम काढला. कुणालाच त्रास होणार नाही अशी शक्ती शोधता शोधता अदृश्य होण्याची सापडली. मग उत्तरबाईंनी उत्तर लिहून दिलं. 'मला अदृश्य होण्याची शक्ती मिळावी असे वाटते, कारण त्यामुळे मी कोणालाही अडथळा न आणता अभ्यास करू शकेन.' चाळीस मुलांनी ते चाळीस वह्यांत उतरवलं आणि घोकलं.

त्यातल्या एकोणचाळिसांचं एक सोडा. चाळिसावी होती ती 'प्रश्नावली'. हे नाव शिक्षकांच्या खोलीत पडलेलं. पोरगी दिसायला एवढीशी, पण तोंड उघडलं की मोठ्यांची पळता भुई थोडी. ती मधल्या सुट्टीत वाचनाच्या खोलीत आली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

"बाई, त्या घंटा वाजवणाऱ्या मुलाला शाळा लवकर सोडता येते का?"

"माहीत नाही गं."

"म्हणजे तुम्ही वाचलं नाही?"

ग्रंथपालबाईंना ते फार लागलं. नोंदी, वेष्टनं, तक्ते या सगळ्या धबडग्यात खरंच राहून गेलं होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, कुलूप काढलं, एक प्रत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पोरीच्या दप्तरात सारली. "कुणाला दाखवायचं नाही हं, बयो."

तिसऱ्या दिवशी पोरगी धावत आली ती धापा टाकतच.

"बाई, पुढचं कुठंय?"

"कशाचं पुढचं?"

तिनं पुस्तक उघडून समोर धरलं. पुस्तकातली ती गप्प मुलगी भर सभेत मंचावर चढलेली. मुख्याध्यापकांच्या मनातलं तिला सगळं ऐकू आलेलं. 'तिनं समोर पाहिलं. तिनं तोंड उघडलं आणि' इथं पान संपलं होतं. त्यापुढं थेट पुठ्ठा.

बाईंनी कपाट उघडून दुसरी प्रत काढली. तिसरी काढली. चाळीसच्या चाळीस प्रती तशाच! शेवटची सोळा पानं बांधणीतच राहून गेलेली. आणि प्रत्येक प्रतीत त्या अर्ध्या वाक्याच्या खाली शाळेचा गोल, जांभळा, ठसठशीत शिक्का. ग्रंथालयाची पद्धतच असते ती. पहिल्या पानावर शिक्का, मधल्या एका ठरलेल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का. चाळीस वेळा त्यांनी ते शेवटचं पान स्वतःच्या हातानं उघडलं होतं, शिक्का सरळ बसावा म्हणून जीभ दातांत धरून तो मारला होता, आणि वरचं वाक्य एकदाही वाचलं नव्हतं. उत्तरबाईंना हसण्याचा आपल्याला काय अधिकार, असं त्यांच्या मनात आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

पोरीला मात्र त्याचं काहीच नव्हतं. उलट ती खुशीत होती.

"मी तीन शेवट केलेत, बाई! एकात ती सगळं सांगून टाकते आणि सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू यायला लागतं. मग कुणालाच खोटं बोलता येत नाही आणि शाळाच बंद पडते. दुसऱ्यात ती काहीच बोलत नाही, पण घंटा आपोआप वाजायला लागते, थांबतच नाही. तिसरा अजून नीट जमला नाहीये. तुम्हाला कुठला आवडला?"

बाईंना पहिला आवडला. दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातून कुणीतरी भिंतीवर टकटक केली. अकरा वर्षांत या खोलीत असं कधी झालं नव्हतं. ही खोली आपण कशासाठी धरून बसलो आहोत, ते त्या दिवशी बाईंना लख्ख दिसलं.

त्यांनी प्रकाशकाला पत्र टाकलं आणि मोठ्या सरांच्या कानावर घातलं.

"शेवट नाही? कुणी वाचलंय का पण?" सरांनी विचारलं.

"एका मुलीनं."

"तिला पुस्तक कुणी दिलं? ते जाऊ दे. बाकी कुणी वाचलेलं नाही ना? मग अपुरं आहे हे कळणार कुणाला? आणि शेवट आहे की आपल्याकडे. एकतिसावा प्रश्न!"

होता खरा. उत्तरबाईंनी तो मनानंच रचला होता. 'शेवटी सर्व विद्यार्थी आपापल्या शक्ती मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतात व अभ्यासाला लागतात.'

तपासणीचा दिवस उजाडला. त्या दिवसापुरत्या प्रती कपाटाबाहेर निघाल्या आणि वाचनाच्या खोलीतच बसवलेल्या प्रत्येक मुलापुढं एक ठेवली गेली. उघडायची नाही, ही ताकीद होतीच. साहेब आले, खुर्चीत बसले, तक्ता मांडीवर घेतला. एका बाजूला मोठे सर, एका बाजूला खेळाचे सर, मागं भिंतीशी ग्रंथपालबाई.

"कुणाला कुठली शक्ती आवडेल?" साहेबांनी विचारलं.

चाळीस हात वर. पहिला मुलगा अदृश्य झाला. दुसरा अदृश्य झाला. सहावी मुलगी अदृश्य होऊन अभ्यासाला लागली तेव्हा साहेबांनी कौतुकानं मान डोलावली. "वा! काय एकवाक्यता आहे! आणि गोष्टीचा शेवट काय होतो?"

अख्ख्या वर्गानं एका सुरात शक्ती मुख्याध्यापकांच्या स्वाधीन केल्या. मोठ्या सरांचा चेहरा असा फुलला, की जणू त्या खरंच त्यांच्या हातात आल्या आहेत.

"छान, छान. आणखी कुणाला काही सांगायचंय?"

असं विचारायची पद्धत असते म्हणून विचारलं बिचाऱ्यांनी. तिसऱ्या बाकावरून एक हात वर गेला. प्रश्नावली! उत्तरबाईंच्या हातातला खडू पडला. मोठ्या सरांनी वळून थेट ग्रंथपालबाईंकडे पाहिलं. खेळाचे सर तर खोली मोजल्यासारखे भिंतींवरून नजर फिरवायला लागले.

पोरगी उभी राहिली. साहेबांकडे न बघता तिनं मागं वळून बाईंकडे पाहिलं, हसली, आणि तोंड उघडलं.

बाईंना एका क्षणात सगळं दिसलं. हाताने शिवलेली पुस्तकं, पडदे, तो तास, आणि त्या जागी मोडकी बाकं. त्यांनी डोळे मोठे केले आणि ओठांवर बोट ठेवलं.

पोरीला आधी कळलंच नाही. बाईंनी बोट तसंच ठेवलं, वर 'नको' म्हणून मानही हलवली. मग तिला कळलं. उघडलेलं तोंड मिटलं, आणि ती खाली बसली.

"काय झालं, बाळ?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही, सर. मला अदृश्य होण्याची शक्ती मिळावी असं वाटतं."

तपासणी उत्तम झाली. साहेबांनी आनंदाच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण दिले. खोली राहिली, वाचनतास राहिला, खेळाच्या सरांना जिन्याखालची जागा मिळाली. मोठे सर स्वतः येऊन म्हणाले, "बाई, शाळेची अब्रू राखलीत!" बाईंनी मान खाली घातली. त्यांना त्या शब्दांची शिसारी आली.

पोरगी मधल्या सुट्टीत यायची बंद झाली. वाट बघून बघून बाईंचे डोळे शिणले. दोन आठवड्यांनी प्रकाशकाकडून दुरुस्त केलेली एक प्रत आली, पूर्ण एकशे अठ्ठावीस पानांची. त्या दिवशी वाचनतासाला सगळी तुकडी आली तेव्हा बाईंनी तिला जवळ बोलावलं. प्रत तिच्या हातात दिली. अजून नोंद केली नव्हती, शिक्का मारला नव्हता, आणि या वेळी त्यांनी ती स्वतःही वाचली नव्हती, मुद्दाम. म्हटलं, आधी हिला वाचू दे.

"घे गं. आला तुझा शेवट. तुझ्या तिन्हींपैकी कुठला जुळतो ते बघून सांग मला."

पोरीनं पुस्तक दोन्ही हातांत नीट धरलं. उघडलं मात्र नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवाही नव्हता. शहाण्या मुलीसारखी ती अदबीनं उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "कुठला सांगायचा ते तुम्हीच सांगा ना. मी पाठ करून येते."