ओहोटीला वार नसतो

मुलीच्या ताब्याच्या छापील अर्जातलं ‘दर दुसरा शनिवार-रविवार’ ऑरिनने खोडलं आणि पुढे काय लिहावं ते न सुचून तो पेनचं टोपण चावत बसला.

“खोडतोस काय? वार लिही,” मिसेस टोलो म्हणाल्या. कोर्टाच्या या खोलीत त्या चाळीस वर्षं घटस्फोटाचे कागद भरून देत होत्या. विलापा खाडीकाठची निम्मी पोरं त्यांच्याच अक्षरात आईबापांत वाटली गेली, असं लोक सांगत.

“ओहोटीला वार नसतो.”

“ओहोटी पोर सांभाळणार आहे का?”

ऑरिनचं पोट खाडीतल्या कालवांवर चाले. कालवं काढायची ती पाणी उतरेल तेव्हा. मग तो शनिवार असो की नाताळ. निम्मे शनिवार तो गुडघाभर चिखलात असणार आणि त्याची सहा वर्षांची मुलगी जूनी रिकाम्या घरात. असे चार शनिवार चुकले की न्यायाधीश उरलेलेही काढून घेतील, या भीतीने त्याची महिनाभर झोप उडाली होती.

समोर मार्ली बसली होती. अजून दोन तासांपुरती त्याची बायको. तिने पिशवीतून भरती-ओहोटीचं पुस्तक काढलं.

“हे जोडा. मोठ्या ओहोटीच्या दिवसांत जूनी माझ्याकडे, बाकीचे दिवस त्याच्याकडे. तारखांवर खुणा केल्यात.”

“म्हणजे निम्मा महिना याला?” मिसेस टोलोंनी चष्मा वर सरकवला. “याच्या वकिलाने एवढं मागितलं असतं तर मी हसले असते.”

“हसा खुशाल. पोरगी त्याच्याकडे ब्रोकोलीसुद्धा खाते.”

“तळून देतो,” ऑरिन पुटपुटला.

“वाटलंच मला.”

तो पानं उलटू लागला आणि मार्च महिन्यावर त्याचं बोट थांबलं. पुस्तकात वेळा हिवाळ्याच्या घड्याळाने छापतात. मार्चमध्ये उन्हाळ्यासाठी देशभरची घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हापासून नोव्हेंबरपर्यंत छापील वेळेत एक तास मिळवायचा असतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो हे विसरला आणि पहाटे तासभर आधी जाऊन होडीत कुडकुडत बसला. तेव्हा गोठलेली मिशी वितळायला जुलै उजाडला, असं तो स्वतःच सांगतो. त्यानंतर दर वर्षी मार्ली प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने खरी वेळ लिहून ठेवी.

पण हे पुस्तक पुढच्या वर्षाचं होतं. ती घर सोडून गेल्याला आठ महिने झाले होते. आणि मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक आकड्याशेजारी तिचं बारीक अक्षर होतं.

“दर वर्षी हे कोण करून देणार?” मिसेस टोलोंनी विचारलं. “न्यायाधीश नाव मागतील.”

ऑरिनने तोंड उघडलं.

“मी,” मार्ली म्हणाली.

“कधीपर्यंत?”

“जूनी अठराची होईपर्यंत.”

“बारा वर्षं होतात गं.”

“मोजता येतं मला.”

मिसेस टोलोंनी तसं लिहिलं. ऑरिनने खाली सही केली आणि मार्लीकडे बघत डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ती त्याने लग्नातसुद्धा काढली नव्हती, असं खाडीवरची माणसं शपथेवर सांगतात.