अठ्ठ्याण्णव सालची कोरी ओळ

जूनच्या पहिल्या शनिवारी आमच्या गावातले सदतीस द्राक्षबागायतदार एका पिंपाभोवती दाटीवाटीने उभे राहून एकसुरात "ऊऽऽऽ" करत होते. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची ही माणसं चर्चमध्येसुद्धा ओठ हलवत नाहीत. गाणी म्हणणं हे पाद्र्याचं काम, अशी त्यांची पक्की समजूत. पण त्या दिवशी सहकारी संघाचा अध्यक्ष बुर्कहार्ड डोळे मिटून, मिशा पिंपाच्या काठाला टेकवून गुणगुणत होता.

"पोटातून येऊ द्या, मित्रांनो, पोटातून!" गिसबेर्ट झोनलाईन सांगत होता. अनवाणी पाय, तागाचा सदरा, गळ्यात निळा रेशमी रुमाल. तो स्वतःला 'वनस्पतींचा श्रोता' म्हणवून घ्यायचा. "अकरा मिनिटं. त्याआधी थांबलात तर अर्क जागा होत नाही."

"आणि बारा मिनिटं केलं तर?" माझ्या बाबांनी विचारलं.

"तर त्याला झोप लागत नाही," झोनलाईन गंभीरपणे म्हणाला.

पिंपात होता घोडशेपटीचा काढा. ओढ्याकाठी उगवणारी, पानं नसलेली, कांड्याकांड्यांची खरखरीत वनस्पती. पूर्वी आमच्या आज्या तिने कथिलाची भांडी घासायच्या. तिचा काढा वेलींवर मारायची पद्धतही जुनीच. झोनलाईनचं म्हणणं असं की त्याने 'जागा केलेला' अर्क मारला की द्राक्षावरचा केवडा आणि भुरी हे दोन्ही बुरशीरोग पळून जातात. तांबं नको, गंधक नको, दुकानातलं काही नको.

आणि चमत्कार समोर होता. नदीला लागून असलेल्या बुर्कहार्डच्या खालच्या बागेत दर वर्षी केवडा सगळ्यात आधी येतो. यंदा मे महिनाभर पाऊस पडला होता. तरी तीन फवारण्यांनंतर तिथे एका पानावरसुद्धा पिवळा तेलकट डाग नव्हता. गर्दी ओळीओळीतून फिरत होती, पानं उलटून बघत होती, आणि माना हलवत होती.

बाबांनी खिशातून भिंग काढलं. आलोयस लेनार्ट्स म्हणजे माझे बाबा. वय एकोणऐंशी, गुडघे कामातून गेलेले, तोंड मात्र चालू.

"पानाच्या कडेला हे जळल्यासारखं काय दिसतंय?"

"पान आपला भूतकाळ सोडतंय," झोनलाईन म्हणाला.

"अस्सं. कोबी खाल्ला की माझं पोटही सोडतं."

लोक हसले. झोनलाईनही हसला, त्याला हसता यायचं, ही त्याची खरी हुशारी. मग तो म्हणाला, "लेनार्ट्स, तुमच्या त्या ओळीबद्दल ऐकलंय मी."

ती ओळ साऱ्या गावाच्या थट्टेचा विषय होती. आमच्या उतारावरच्या बागेत मधली एक ओळ बाबा बिनफवारणीची ठेवायचे, कोरी. औषध दुकानातलं असो की घोडशेपटीचं, त्या ओळीला काहीच द्यायचं नाही. "तिच्याशिवाय मला कळणार कसं की बाकीच्या वेली औषधाने वाचल्या की कोरड्या हवेने?" असं ते म्हणायचे. चाळीस वर्षांच्या नोंदी एका वहीत. ओल्या वर्षी ती ओळ ऑगस्टमध्ये अशी दिसायची की शाळेत मला 'खरजुल्या ओळीची पोर' म्हणायचे.

"दर वर्षी रोगट होते ती," बाबा म्हणाले. "फक्त एकदा सोडून. अठ्ठ्याण्णव साली एवढा पाऊस, आजूबाजूला सगळीकडे केवडा, आणि माझी कोरी ओळ स्वच्छ! पंचवीस वर्षं झाली, डोकं खाजवतोय."

"त्या वर्षी कुणीतरी तिच्याकडे प्रेमाने पाहिलं असेल," झोनलाईन हळूच म्हणाला.

मी दुसरीकडे बघितलं.

त्या संध्याकाळी आम्ही उकडलेले बटाटे आणि चक्का खाल्ला. वर बागेतल्या कांद्याची पात भुरभुरलेली. बाबांनी एक पेला वाइन घेतली, दुसऱ्याबद्दल वाद घातला आणि तोही घेतला. मग झोनलाईनने भेट दिलेली अर्काची बाटली मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत ओतली आणि आपली कलमाची जुनी सुरी तीत उभी करून बरणी तळघराच्या खिडकीत ठेवली.

"हे आणि काय?" मी विचारलं.

"सकाळी बघू. तू इतिहास शिकवतेस ना, युडिथ? हा इतिहासच आहे." जिन्यात थांबून ते म्हणाले, "ते अठ्ठ्याण्णव साल तेवढं उलगडलं ना, तर माझी वही पुरी झाली."

"वारा असेल, बाबा."

"वारा मी तपासला," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

सकाळी सात वाजता, बागेच्या दगडी पायऱ्यांवर, छत्तिसाव्या पायरीपाशी ते बसलेले सापडले. शेजारच्या थेक्लामावशींच्या मेंढ्या त्यांच्याभोवती चरत होत्या. डॉक्टर म्हणाले, जाताना त्यांना काही कळलंही नसेल.

त्यानंतरचे सात आठवडे मी कोरी ओळ कोरी ठेवली, एवढंच सांगते. तळघरात उतरले नाही.

पाऊस थांबत नव्हता. जुलैत कोरी ओळ पिवळी पडली, मग तपकिरी. तिच्या दोन्ही बाजूंच्या वेली बाबांच्या नेहमीच्या औषधावर बऱ्यापैकी तगल्या होत्या. पण ज्यांनी झोनलाईनचा अर्क मारला होता त्यांच्या बागा तर हिरव्यागार. झोनलाईन आता अनवाणी फिरायचा तेव्हा लोक वाटेतले खडे बाजूला करायचे. शेवटी संघाने सर्वसाधारण सभा बोलावली. पुढच्या वर्षीपासून सगळ्या गावाने फक्त त्याचाच अर्क वापरायचा, असा ठराव होता. सोबत त्याची एक अट होती.

ती सांगायला बुर्कहार्ड स्वतः आला. दारातच टोपी फिरवत उभा राहिला.

"युडिथ, तो म्हणतो, एक ओळ उपाशी ठेवली की बाकीच्या वेली उदास होतात. ती उपटावी लागेल. आलोयसबद्दल मला किती आदर होता हे तुला..."

"वेली उदास दिसतात तुला, बुर्कहार्ड?"

"मला नाही दिसत. पण मी काही श्रोता नाही ना!"

"कधी आहे सभा?"

"उद्या. रागावू नकोस, पोरी. रोग तर दिसतोच आहे तिथे, सगळ्यांना दिसतोय."

तो गेल्यावर मी वही शोधायला तळघरात गेले. खिडकीत बरणी तशीच होती. अर्क अर्धा आटलेला, आणि बाबांची सुरी पार गंजलेली. मला फार वाईट वाटलं. ती सुरी त्यांनी कधी ओली ठेवली नव्हती. बाबा दर शरद ऋतूत घोडशेपटीची जुडी दोऱ्यावर वाळत घालायचे. त्यातला एक झुबका घेऊन मी पातं घासायला बसले. गंज निघाला की खाली पोलाद दिसतं. इथे तसं काही दिसेना. घासावं तसं पातं लालसर चमकायला लागलं, अगदी पाच सेंटच्या नव्या नाण्यासारखं.

वही उघडली. पहिल्या पानावर आजोबांचं अक्षर: 'मोरचूद व चुना कालवून झाल्यावर लोखंडी सुरी बुडवावी. पातं लाल झाल्यास मोरचूद मोकळं आहे, पानं जळतील. चुना वाढवावा.' आणि लिहिलेल्या शेवटच्या पानावर बाबांचं, तीन जूनचं: 'झोनलाईनचा अर्क. कडा जळतात. सुरी बुडवली. सकाळी बघू.'

मी जिन्यावर बसून एकटीच हसले. सात आठवड्यांत पहिल्यांदाच.

सभा द्राक्षं पिळायच्या जुन्या गोदामात होती. गाव लोटलं होतं. पुढच्या रांगेत झोनलाईन, त्याच्या पायाशी सीलबंद बाटल्यांची पेटी. मी टेबलावर तीन पेले मांडले आणि मूठभर सुऱ्या ठेवल्या.

"बुर्कहार्ड, त्या पेटीतली कुठलीही बाटली तूच उचल, तूच फोड आणि मधल्या पेल्यात ओत. मी हात लावत नाही. डावीकडे मी काल उकळलेला घोडशेपटीचा काढा आहे. ओढा तोच, वनस्पती तीच."

"पण हा जागा केलाय का?" मागून कुणीतरी विचारलं.

"अकरा मिनिटं गुणगुणले. मांजर घर सोडून गेलं."

हशा पिकला. थेक्लामावशी पुढे आल्या. वय ब्याऐंशी, अंगाला मेंढ्यांचा वास. त्यांनी दोन जुन्या पोलादी सुऱ्या दोन्ही पेल्यांत सोडल्या. पाच मिनिटं सगळे माना उंचावून बघत राहिले. काढ्यातली सुरी करडीच निघाली. अर्कातली लाल.

गोदामात कुजबुज झाली. झोनलाईन मात्र उठून उभा राहिला, दोन्ही हात पसरले.

"पाहिलंत? लोखंड हा युद्धाचा धातू! जीवनरसापुढे तो लाजला!"

"खरंच लाजला की!" कुणीतरी म्हणालं. क्षणभर वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

बुर्कहार्डने घाईघाईने आपली सुरी काढून अर्कात बुडवली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पातं पांढरंशुभ्रच. "ही नाही लाजत!" तो गोंधळून म्हणाला.

"ती न गंजणारी सुरी आहे रे, बुर्कहार्ड," थेक्लामावशी म्हणाल्या. "तुझ्यासारखीच. तिच्यावर काही चढत नाही."

"आता हा तिसरा पेला," मी म्हणाले. "यात साधं पाणी आहे, आणि संघाच्याच कोठीतलं चमचाभर मोरचूद. म्हणजे तांबं. बुडवा जुनी सुरी."

लाल झाली. तश्शीच लाल.

"का हो झोनलाईन," थेक्लामावशींनी विचारलं, "त्या मोरचुदाच्या पोत्यालाही तुम्ही गाणं म्हणून दाखवलंत का?"

मग मी सांगितलं ते सरळ होतं. पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडावर येऊन बसतं. ही परीक्षा आपल्या आजोबांना पाठ होती, कारण ते मोरचूद घरी कालवायचे. आपण तयार पुड्या आणायला लागलो, पिंपं प्लास्टिकची झाली, सुऱ्या न गंजणाऱ्या आल्या, आणि परीक्षा विसरलो. चुना घातलेल्या तांब्याने पानं निळी दिसतात, म्हणून निळं दिसलं नाही की तांबं नाही, असं आपण धरून चाललो. अर्कात चुना नव्हता. म्हणून पानं निळी झाली नाहीत, नुसती कडेला जळली.

"समजा, असलं थोडं तांबं," कुणीतरी ओरडलं. "बागा वाचल्या ना?"

"वाचल्या. आणि तुम्ही सगळ्यांनी सरकारी नोंदीत तांबं शून्य लिहिलंत. किती पडलं ते कुणालाच माहीत नाही. खाली थेक्लामावशींच्या मेंढ्या चरतात. तांबं मेंढीला विष आहे."

थेक्लामावशी आता हसत नव्हत्या. "माझ्या दोन मेंढ्या आठवडाभर मान टाकून पडल्यात," त्या झोनलाईनला म्हणाल्या. "त्या पण भूतकाळच सोडतायत का?"

त्याने पायाशी असलेली बाटल्यांची पेटी खुर्चीखाली सरकवली.

"घोडशेपटी खोटी नाही," मी वही वर धरली. "चाळीस वर्षांच्या नोंदी आहेत. कोरड्या वर्षी साधा काढा भुरी थोडी कमी करतो. ओल्या वर्षी केवड्यापुढे त्याचं काही चालत नाही. एवढंच, आणि एवढं खरं. झाडपाल्यात गुण आहेत. ते मोजावे लागतात. मोजायचं तर शेजारी एक कोरी ओळ लागते. तुमच्यापैकी एकाने जरी यंदा एक ओळ कोरी ठेवून बाजूच्या ओळीवर साधा काढा मारून पाहिला असता, तरी सभेची गरज पडली नसती. माणूस अनवाणी आहे की बूट घालतो, गोड बोलतो की तिरकस, हे बघू नका. ओळ ठेवा आणि बघा."

टाळ्या पडायला लागल्या तेवढ्यात झोनलाईन म्हणाला, "एक मिनिट."

आवाज शांत होता, जवळजवळ दुःखी. "मी कामगारांवर विश्वास ठेवला, कुणी काय मिसळलं ते मी शोधीन. पण मित्रांनो, अठ्ठ्याण्णव साल विसरू नका. आलोयस लेनार्ट्सने स्वतः, तुमच्यासमोर, मरणाच्या आदल्या दिवशी सांगितलं. त्या ओळीवर तांबं नव्हतं, गंधक नव्हतं, काहीच नव्हतं. चहूकडे रोग, आणि ती निरोगी. ही जीवनशक्ती नाही तर काय होतं? की तो भला माणूस खोटं बोलला?"

टाळ्या थांबल्या. बुर्कहार्डने मान हलवली. "नाही. आलोयस खोटं बोलणारा नव्हता," तो म्हणाला. "हे मात्र खरं हं, युडिथ. त्याचं उत्तर त्यालाही मिळालं नाही."

सगळे चेहरे माझ्याकडे वळले. मी वहीचं ते पान काढलं. तिथे बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं: '१९९८. कोरी ओळ निरोगी. कारण माहीत नाही. शोधत राहणे.' खाली पंचवीस वर्षांत वेगवेगळ्या शाईने टाचणं वाढत गेली होती. वारा? नाही. बर्फ उशिरा वितळला? नाही. मातीचा नमुना पाठवला, काही नाही.

बाबांची जागा दुसऱ्या रांगेत, खांबाला लागून. तिथे कुणी बसलं नव्हतं. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलले. बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकलं.

"मी सोळा वर्षांची होते. मुलं हसायची, मला लाज वाटायची. दर रविवारी तुम्ही चर्चला गेलात की मी आजोबांचा पंप पाठीला लावायची. तुमच्याच कोठीतलं औषध घ्यायची, ते डाग न पाडणारं. पूर्ण उन्हाळाभर. तुम्ही इतके खूश झालात की मग सांगवेना, आणि नंतर दर वर्षी आणखीच सांगवेना. वारा नव्हता, बाबा. अठ्ठ्याण्णव साली ती ओळ मी फवारली होती."