रुख्मिणीच्या खळ्यावरचं भूस

सूप रुख्मिणीच्या आईचं, भूस रुख्मिणीच्या खळ्यावरचं, आणि बोलणार मात्र कोकिळा! जिंतूरच्या १९९८ सालच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बन्सीधर गुरुजींनी तिला निवडलं होतं. इथून परभणीला, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला, एकच प्रयोग जाणार होता. रुख्मिणी नुसती मदतनीस.

प्रयोग सोपा होता. सूर्यातून विजेने भारलेल्या बारीक कणांचा वारा सतत चहूकडे वाहतो. ग्रहांच्या पलीकडे गेलेलं व्हॉएजर यान ते कण आपल्या वाट्यांत पकडतं. त्यावरून वारा किती वेगाचा, किती दाट, हे कळतं. इथे पटांगणात स्टुलावर उभी कोकिळा म्हणजे सूर्य, सुपातून वाऱ्यावर सोडलेलं भूस म्हणजे कण आणि ओळीने मांडलेले डबे म्हणजे दूरदूर जाणारं यान. जवळच्या डब्यात भूस जास्त, लांबच्यात कमी.

डबे कोकिळानं सकाळीच मांडले होते. दुपारी परीक्षक यायच्या वेळी रुख्मिणीनं सवयीनं चिमूटभर माती हवेत सोडली. धान्य उपणायच्या आधी खळ्यावर सगळेच सोडतात. माती उलट्या बाजूला गेली. वारं फिरलं होतं.

"काय करायलीस गं?" कोकिळानं विचारलं.

"काई न्हाई. हात झटकायले."

"मग तिकडं मागं थांब. सायबाला मी दिसले पाह्यजे."

रुख्मिणी मागं सरकली. डबे तिनं होते तिथंच राहू दिले.

कोकिळानं सूप उचललं. सगळं भूस परीक्षकांच्या डोक्यावर, मिशांवर जाऊन बसलं. डबे कोरडेच. पोरं खिदळली, "सायेब खळ्यातून आले!" कोकिळा स्टुलावरून उतरली.

आता रुख्मिणी पुढं झाली. "सर, वारं फिरलंय." तिनं डबे दुसऱ्या बाजूला मांडले, सूप हलवलं. डबे बरोबर भरले.

मिशा झाडत परीक्षकांनी तिलाच विचारलं, "आणि लांबच्या यानाला कण मिळेनासे झाले तर?"

"वारं पडलं, सर."

"किंवा?"

रुख्मिणीनं वळून कोकिळाकडं पाहिलं.

"किंवा वाऱ्याची हद्द संपली," मागून कोकिळा म्हणाली. "पुढं ताऱ्यांमधला विरळ वायू. यान अजून तिथं पोचलं न्हाई."

"दोन्हींतलं खरं कोणतं, कसं ओळखाल?"

कोकिळानं डब्यांकडं पाहिलं. "मागून येणाऱ्या दुसऱ्या व्हॉएजरला विचारायचं, ते अजून अलीकडं हाय. त्याच्याकडं वारं असलं, तर हद्दच."

"परभणीला दोघी या," परीक्षक म्हणाले.

रुख्मिणीला एकटीला जायचं होतं. एसटी स्टँडवर कोकिळानं डब्यांची पिशवी धरायला हात पुढे केला.

"राहू दे. डबे मी मांडणार."

"मांड की. पन वारं फिरलेलं तुला आधीच कळलं हुतं नं?"

रुख्मिणीनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "परभणीला वारं फिरलं तर आधीच सांगीन," ती म्हणाली. "पन मागं थांब म्हणायचं न्हाई."