पांढरी पडलेली नळी

सोमवारी सकाळी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या बुद्धप्रिया मॅडमनी काचेची एक नळी उजेडात धरली आणि प्रयोगशाळेचे शिपाई धुळाप्पा यांना हाक मारली. नळीत तिरक्या थिजवलेल्या आगरच्या जेलीवर जंतू दाट वाढले होते, पण पांढरे. या जंतूची ओळखच मुळी लाल रंगाची.

"मामा, हे काय, दही लावलंय का?"

"दही असतं तर खाल्लं असतं की, मॅडम."

मॅडम हसल्या, पण नळी त्यांनी टाकायच्या ट्रेमध्ये ठेवली. "दुसरंच काहीतरी शिरलंय यात. मार्चपासूनच्या सगळ्या नळ्या पांढऱ्या. गुरुवारी पोरांचं प्रॅक्टिकल आहे. मार्चची बदली कुणी केली होती?"

"मीच."

सोलापूरच्या या कॉलेजात धुळाप्पांना बावीस वर्षं झाली होती. दर महिन्याला जुन्या नळीतले जंतू तारेच्या टोकावर घ्यायचे आणि नव्या आगरवर ओढायचे; ही बदली वेळेवर झाली म्हणजे वाण टिकतं. मार्चची तारीख आली तेव्हा त्यांची बायको शिवबाई दवाखान्यात होती. तिचा डोळा लागला होता. ते गुपचूप उठून आले, बदली केली आणि तासाभरात परत गेले. तेवढ्यात तिनं नर्सला दोनदा विचारलं होतं, मालक कुटं गेल्यात? नंतर ती शुद्धीवरच आली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

त्या दिवशी तारेवरचे दुसरे जंतू मरतील इतकी ती दिव्यावर नीट तापवली होती का, हे त्यांना काही केल्या आठवेना. वाण नासलं असेल तर तिला टाकून काढलेला तो तास फुकटच गेला.

दुपारी टाकायच्या नळ्या जंतू मारायला वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये घालायच्या होत्या. धुळाप्पांनी पांढरी नळी ट्रेमधून काढली आणि बराच वेळ बघत राहिले. मग ती घेऊन मॅडमकडे गेले.

"ह्ये दुसरं काय न्हाय, मॅडम. कड तीच हाय, चकाकी तीच हाय."

"आणि रंग?"

"खोलीचा एसी बंद पडला तवापासनं गेलाय. वर पत्रा. घटकाभर बसून बघा की तितं, माणसाचा बी रंग उतरतोय."

मॅडमनी कॅलेंडरकडे पाहिलं. "बुधवारपर्यंत थांबते. मग मात्र कुकरमध्ये."

धुळाप्पांनी आवारातली रिकामी मातीची कुंडी आणली, तिच्यात वाळू भरली, वाळू भिजवली. तार दिव्यावर लालबुंद होईस्तोवर धरली, निवू दिली आणि पांढऱ्या नळीतले जंतू नव्या नळीत ओढले. नळी बरणीत ठेवून बरणी वाळूत रोवली आणि वर ओलं पोतं टाकलं. खिडकीतल्या कोरड्या वाऱ्यानं पोतं सारखं वाळायचं, ते सारखं भिजवायचे. आत गारवा धरला होता, थर्मामीटर सत्तावीस दाखवत होता.

मंगळवारी नळीत पातळ पांढरी रेघ दिसली. धुळाप्पा जेवले नाहीत.

बुधवारी सकाळी ती रेघ डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झाली होती.

मॅडमनी नळी फिरवून फिरवून पाहिली, सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, मग कपाटातून पुस्तक काढलं. "लिहिलंय इथं. जास्त गरम झालं की हा जंतू रंग करत नाही. मी वाचलं होतं, मामा. परीक्षेपुरतं."

"म्हंजे ते पांढरं बी ह्येच व्हतं?"

"हेच. तुमची मार्चची बदली चोख आहे. उद्या पोरांना दोन्ही नळ्या दाखवू."

धुळाप्पा स्टुलावर बसले.

"काय झालं, मामा?"

"शिवबाईला सांगायचं राहिलं. त्या दिवशी कुटं गेलतो ते."

मॅडमनी पुस्तक मिटलं आणि समोरचं स्टूल ओढलं. "मला सांगा."

धुळाप्पांनी आधी पोत्यावर तांब्याभर पाणी शिंपडलं, मग सांगायला लागले.