पानावरची खिडकी

भोक मोहरीच्या दाण्याएवढं होतं. पानाच्या कडेपासून बोटभर आत, जवळजवळ गोल, कड किंचित तपकिरी. धाकटीने आधी चष्मा पुसला, मग आतून मोजपट्टी आणली. दोन मिलिमीटर. चष्मा पुसल्याने भोक काही बुजलं नाही.

पान तिच्याच गच्चीवरच्या टबातलं होतं. टबात तिने चांदणफूल लावलं होतं. पाण्यावर पसरणारी गोल पानं, आणि ऊन चढलं की उमलणारी झालरीची पांढरी फुलं. एके काळी गावाबाहेरचं तळं या फुलांनी भरलेलं असायचं, आणि माशांची पिल्लं त्यांच्या पानांखाली वाढायची. मग कुणीतरी घरातली शोभेची काचपेटी तळ्यात रिकामी केली. माशांबरोबर एक परदेशी तण पाण्यात पडलं आणि बघता बघता काठापासून काठापर्यंत हिरवी गादी अंथरली गेली. गादीखाली ना उजेड, ना हवा. मासे घटले, बगळे दुसरीकडे गेले, चांदणफूल एका कोपऱ्यात उरलं. त्या कोपऱ्यात, आणि या टबात.

संशोधन केंद्रात या तणाचा बंदोबस्त शोधणं हीच धाकटीची नोकरी होती. ते तण जिथलं मूळचं, तिथून केंद्राने त्याला खाणारे सोंडकिडे आणले होते. तांदळाच्या दाण्याएवढे, पुढे सोंड, स्वभावाने गरीब. केंद्रात त्यांना सगळे ‘पाहुणे’ म्हणत. पाहुणे तण खातात हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. ते दुसरं काही खात नाहीत हे सिद्ध करायचं राहिलं होतं, आणि खरं काम तेच; त्यावर धाकटीची सही झाली की मगच पाहुणे तळ्यावर सुटणार होते. कारण किडा एकदा तळ्यावर सोडला की त्याला ‘परत ये रे बाबा’ म्हणायची सोय नसते.

म्हणून पाहुण्यांच्या खोलीला दोन दारं होती आणि मध्ये एक काळोखी बोळ. बोळाच्या टोकाला एकच दिवा, म्हणजे सुटलेला किडा बाहेर न जाता उजेडाकडे जाईल आणि तिथल्या जाळीत सापडेल. आत घालायच्या कोटांना खिसे नव्हते. आतली वस्तू भट्टीत भाजल्याशिवाय बाहेर येत नसे. तिथला सहायक येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बाह्या झटकायचा, दारं दोनदा ओढून बघायचा, म्हणून त्याला सगळे कुलूपमामा म्हणत.

इतकं सगळं असताना गच्चीवरच्या पानाला भोक पडलं होतं.

धाकटी टबाशेजारी उकिडवी बसून राहिली. एखादा पाहुणा बाहेर आला असेल, तर त्याला कुणीतरी बाहेर आणला होता. खोलीत गेलेली माणसं तीन. एक ती स्वतः. दुसरा कुलूपमामा, जो स्वतःच्या सावलीच्याही बाह्या झटकेल. आणि तिसरा दादा.

दादा तिचा थोरला भाऊ. तळ्यावर मासेमारी करणारा; आता मासे कमी आणि तण जास्त, म्हणून केंद्राला पोत्यांनी ताजं तण पुरवणारा. ‘माझ्या तोंडचा घास खाणाऱ्या तणाला खाणाऱ्यांना मी खाऊ घालतो,’ असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. त्याची पोती एरवी बाहेरच्या दारातच उतरायची. पण गेल्या आठवड्यात ढकलगाडीचं चाक निखळलं आणि जड टब आत न्यायला त्याला बोलवावं लागलं. बाहेर येताना कुलूपमामाने त्याच्या बाह्या झटकल्या. दादाने उजवी मूठ मात्र उघडली नाही. ‘गुदगुल्या होतात,’ म्हणाला आणि सटकला. कुलूपमामा हसला. तीही हसली होती.

आता ती मूठ तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. मग एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि संशयाला काय, वाटाण्याएवढी जागा पुरते. दादाने मध्ये विचारलं होतं, ‘हे घरच्या टबात जगतील का गं?’ त्याआधी विचारलं होतं, ‘एक जोडी सोडली तर किती दिवसांत तळं साफ होईल?’ ती म्हणाली होती, ‘बघते.’ गेलं वर्षभर ती सगळ्यांना हेच म्हणत होती. आणि परवा दादा घरी आला तेव्हा गच्चीवर गेला होता. टबाजवळ उभा होता बराच वेळ.

तिने ते पान देठासकट खुडलं, ओल्या कापसावर ठेवून डबीत बंद केलं आणि पायात चपला सरकवल्या. पान खुडलं की ते आधी उलटून पाहायचं, हे ती नव्या येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवायची. आज तिने ते केलं नाही. तिचं लक्ष पानावर नव्हतंच, दादाच्या मुठीवर होतं.

दादाचं घर तळ्याच्या काठाला, उतारावर. गल्लीच्या तोंडाशी असतानाच तिला मागच्या अंगणातून खरवडल्यासारखा आवाज ऐकू आला. तिने कडी वाजवली आणि आवाज थांबला.

दार वहिनीने उघडलं. उघडलं म्हणजे, स्वतः मावेल एवढंच.

“वन्सं! आज सुट्टीच्या दिवशी वाट चुकलात?”

“डबा द्यायचा राहिला होता.” धाकटीने रिकामा डबा पुढे केला.

“डबा काय पळून जात होता?” वहिनी हसली, पण दारातून हलली नाही. “बसा ना इथे, ओट्यावर. वारा छान आहे.”

वारा कुजक्या तणाचा होता. धाकटी बसली नाही. “दादा मागे आहे?”

“आहे. म्हणजे, नाही. मागे सगळं ओलं आहे, पाय घसरेल.”

“ओलं? पाणी आलं का आज?”

वहिनीने पदर उगाच सारखा केला. एवढ्यात दादाच आला. आला तो हात पाठीमागे बांधून.

“काय म्हणतात तुझे पाहुणे? वर्ष उलटलं, फुकट जेवतायत. जावयाचेसुद्धा एवढे लाड नसतात.”

“बरे आहेत.”

“सही झाली?”

“बघते.”

“तळ्यावर काय म्हणतात माहितेय? म्हणतात, तण संपलं तर त्या केंद्रातल्या लोकांची नोकरी संपेल. म्हणून बाई बघतेय बघतेय करते.” दादा हसत बोलला, पण नजर तिच्यावरच होती. “मी म्हटलं, माझी बहीण तशी नाही. तसं म्हणालो मी.”

म्हणजे संशय एकट्या तिच्याकडे नव्हता. ती दादाच्या मागे बघत होती. मागच्या दारातून दिसणाऱ्या पत्र्याच्या छपराखाली काहीतरी मोठं होतं आणि त्यावर ताडपत्री घातलेली होती. एका कडेने मच्छरदाणी लोंबत होती. किडे पाळायला मच्छरदाणीच लागते. केंद्रातही तशीच जाळी होती.

“दादा, हात दाखव.”

“काय?”

“मागे काय लपवतोयस? त्या दिवशी पण मूठ उघडली नाहीस.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” दादा म्हणाला. “राहू दे की.”

“माझे किडे नेलेस का तू?”

वहिनीने दार सोडलं. दादाचा चेहरा आधी काही कळलं नाही असा झाला, मग कळल्यावर उतरला. त्याने हात पुढे आणले आणि उघडले. बोटं निळी होती. नखांतसुद्धा निळा रंग होता.

“रंग आहे,” तो म्हणाला. “घासलेटने पण जात नाही. म्हणून झाकत होतो.”

तो मागच्या अंगणात छपराकडे गेला, मागोमाग धाकटीही, आणि त्याने ताडपत्री ओढली. खाली होडी पालथी घातलेली होती. मच्छरदाणी ओल्या रंगावर चिलटं बसू नयेत म्हणून टाकलेली. होडी अर्धी निळी झाली होती. पुढच्या बाजूला, जिथे त्यांच्या आईचं नाव होतं, तिथे लोखंडी पत्रीने खरवडलेलं कोरं लाकूड होतं. शेवटचं एक अक्षर तेवढं राहिलं होतं.

“विकतोयस?”

“गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. त्याला निळी पाहिजे, आणि नाव त्याच्या मुलीचं पाहिजे.”

“मला सांगितलं नाहीस.”

“सांगून काय करणार होतो?” दादा होडीच्या कडेवर टेकला. “सांगितलं असतं तर तुझी सही माझ्या होडीसाठी झाली असती. नाही झाली तरी तुला आयुष्यभर टोचलं असतं. मी हिला पण बजावलं होतं, धाकटीला कळू द्यायचं नाही. तिला तिचं काम करू दे.” त्याने निळी बोटं पँटला पुसली. “आणि तू मला चोर ठरवून आलीस.”

“तुझ्या किड्यांबद्दल हे विचारायचे ते एवढ्याचसाठी,” वहिनी हळूच म्हणाली. “किती दिवसांत तळं साफ होईल, म्हणजे थांबायचं की विकायचं ते ठरवता येईल. बाकी काही नाही.” रागाने ती ‘वन्सं’ विसरून सरळ ‘तू’वर आली होती.

“आणि गच्चीवर?” धाकटीने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

“फुलं बघत होतो,” दादा म्हणाला. “लहानपणी तळ्यात होती तशी. आता ते बघायलाही परवानगी लागते का?”

धाकटीने पिशवीत हात घातला. तिने डबी, चिमटा आणि भिंग काढलं. निदान आपण का आलो ते तरी दाखवावं म्हणून डबी होडीच्या पालथ्या तळावर, रंग वाळला होता तिथे, उन्हाच्या तिरिपेत ठेवली, पान चिमट्याने उचललं आणि या वेळी उलटलं.

पानाच्या मागे पानाचाच एक तुकडा चिकटवलेला होता. गोधडीचं ठिगळ शिवावं तसा, बारीक रेशमाने कडेने टाचलेला. तिने भिंगातून पाहत ठिगळ अलगद उचललं. आत एक पिवळट अळी होती, पापणीच्या केसाएवढी. उजेड लागताच तिने अंग आक्रसून घेतलं.

“हा कोण?” दादा वाकला.

“इथलाच. पाणपतंगाची अळी. पान कापते आणि त्याचंच पांघरूण करून खाली झोपते. पहिल्यापासून या तळ्यात आहे.”

“म्हणजे तुझ्या पाहुण्याचं काम नाही हे?”

“नाही.”

दादाने वहिनीकडे बघितलं, मग तिच्याकडे. आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजळायला लागलं.

काय उजळतंय ते धाकटीला माहीत होतं. केंद्रातली एकच चाचणी अडली होती. एका बरणीत तण आणि चांदणफूल दोन्ही ठेवलं होतं आणि पाहुण्यांना मोकळं सोडलं होतं. तण भरपूर असूनही चांदणफुलाच्या पानांवर खुणा सापडल्या. तेव्हा तिनेच म्हटलं होतं, ही पानं माझ्या गच्चीवरची आहेत, एखादी इथली अळी पानांबरोबर बरणीत आली असेल. दादालाही तिने हेच सांगितलं होतं. संचालकसाहेब खूश झाले होते. ‘मग तसं लिहा आणि सही करून टाका.’ ती म्हणाली होती, ‘बघते.’ आणि वर्षभर टबात अळी शोधत बसली होती. रोज सापडली नाही की जीव खाली-वर व्हायचा.

“म्हणजे बरणीतलं पण हिचंच काम,” दादा म्हणाला. “चोर सापडला की. उद्या सही करशील. मी त्या गिऱ्हाइकाला सांगतो, दोन महिने थांब. नाहीतर येऊच नको म्हणतो.”

धाकटीने फोन काढला. बरणीतल्या पानाचा मोठा केलेला फोटो तिला पाठ होता, तरी तिने तो उघडला आणि चिमट्यातल्या पानाशेजारी धरला.

अळीचं भोक आरपार होतं. त्यातून होडीचा निळा रंग दिसत होता. कात्रीने कापावं तसं, वरपासून खालपर्यंत स्वच्छ. फोटोतल्या खुणा आरपार नव्हत्या. वरचा हिरवा थर तेवढा सोंडेने खरवडून घेतलेला, आणि खालचा पातळ पापुद्रा काचेसारखा शिल्लक. पानाला खिडक्या पाडल्यासारखं दिसत होतं. तणाच्या पानांवर पाहुणे रोज अशाच खिडक्या पाडायचे. अगदी अशाच.

हे तिला वर्षभर दिसत होतं. फक्त शेजारी ठेवायला दुसरं काही नव्हतं, तोवर ‘असेलही’ म्हणता येत होतं. अळी सापडावी म्हणून तिने जीव टाकला, आणि सापडलेल्या अळीनेच तिची सबब मोडून काढली. अजूनही म्हणता येईल, दुसरी एखादी अळी असेल. अजून एक ऋतू बघता येईल. किंवा नुसतं ‘अळी सापडली’ एवढंच सांगता येईल. ते खोटंही नव्हतं, आणि पुढचं कुणी विचारणारही नव्हतं. पाहुणे तळ्यावर जातील, दोन-तीन वर्षांत गादी फाटेल, दादाची होडी पाण्यात राहील. आणि तण संपल्यावर भुकेले पाहुणे कोपऱ्यातल्या चांदणफुलाकडे वळतील. मग त्यांच्यावर सोडायला कोणते किडे आणायचे?

“काय गं? बोल ना,” दादा म्हणाला. “का परत ‘बघते’?”

वहिनी दारात पदराचं टोक पिळत उभी होती. होडीवर शेवटचं अक्षर अजून खरवडायचं राहिलं होतं, आणि पत्री तिथेच बाजूला पडली होती. धाकटीने डबीचं झाकण लावलं.

“बघून झालं, दादा. पाहुणे सोडायचे नाहीत. तण हातानेच काढावं लागेल.”