तुरट

अनुश्रीनं घोट तोंडात घोळवला, दातांच्या फटींतून थोडी हवा आत ओढली आणि वाइन स्टीलच्या डब्यात थुंकून टाकली. मग ती डोळे मिटून बसून राहिली. टेबलावर तीन ग्लास होते, प्रत्येकात बोटभर लाल वाइन. मार्चमधली दुपार होती, तरी खिडकी बंद होती. ती उघडली की भनपुरीच्या कारखान्यांची काळी धूळ आत येई आणि वास बिघडून जाई.

स्वयंपाकघराच्या दारात तिचे वडील, अच्युतराव, तिच्याकडे पाठ करून उभे होते. तसं ठरलंच होतं. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायचं, दर वेळी क्रम बदलून ओतायचं, कोणत्या ग्लासात काय ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचं आणि तिचं होईपर्यंत वळून बघायचं नाही.

"पहिली बारोलो," ती म्हणाली. "दुसरी तौराझी. तिसरी ब्रुनेलो."

अच्युतरावांनी खिशातली चिठ्ठी काढून डोळ्यांजवळ धरली.

"नाही बेटा."

"कोणती चुकली?"

"तिन्ही."

तिनं वहीत तीन फुल्या मारल्या. सकाळपासूनची ही चौथी खेप होती. शनिवार सरत आला होता आणि सोमवारी मुंबईत वाइन ओळखण्याची परीक्षा होती.

तेलीबांध्याच्या तलावापलीकडे, नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोठं हॉटेल उघडलं, तेव्हापासून अनुश्री तिथे वाढपाचं काम करत होती. सहा वर्षांत गिऱ्हाईक बदललं होतं. रोलिंग मिलवाले, ठेकेदार, मंत्रालयात फायली घेऊन आलेले दिल्लीचे लोक आता इटलीची लाल वाइन मागत आणि कोणती चांगली तेही विचारत. सांगायला माणूस हवा होता. परीक्षा पास झालीस तर ती जागा तुझी, असं मॅनेजर म्हणाले होते. गेल्या वर्षी ती याच तीन वाइनपाशी नापास झाली. या वेळीही तसंच झालं तर त्या जागेवर दिल्लीहून कुणी तरी यायचं होतं. गुरुवारी हॉटेलात एका उद्योगपतीची मेजवानी झाली, त्यातल्या अर्ध्या उरलेल्या तीन बाटल्या मॅनेजरनी तिला सरावासाठी घरी नेऊ दिल्या.

पुस्तक तिला पाठ होतं. बारोलो इटलीच्या उत्तरेकडची, ब्रुनेलो मधल्या डोंगरांतली, तौराझी दक्षिणेची. कुठली माती, कुठली द्राक्षं, किती वर्षं पिंपात ठेवतात, सगळं तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण तिची जीभ अडाणी होती. तिन्ही लाल, तिन्ही आंबट, तिन्ही तुरट. त्यापुढे तिला काही कळत नव्हतं. हे तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाटल्या घरी आल्या तेव्हा तिच्या आईनं, इंदूताईंनी, फ्रिजमधलं दुधाचं पातेलं पुढे ओढलं आणि बाटल्या त्यामागे सारल्या. बराच वेळ त्या फ्रिजचं दार धरून उभ्या होत्या.

"सहा वर्षं झाली, अनू," एवढंच त्या बोलल्या. मग पंडरीला, कपड्याच्या दुकानात, कामावर निघून गेल्या.

अच्युतराव एका रोलिंग मिलमध्ये वजनकाट्यावर होते. पिण्यापायी ती नोकरी गेली. त्या काळात नुसत्या वासावरून ते मोहाची दारू कोणत्या गावची आहे ते सांगत, आणि लोक त्यांना मुद्दाम बोलावून नेत. मग एका सकाळी मोरीत रक्ताची उलटी झाली. अकरा दिवस दवाखान्यात काढून घरी आले, त्यानंतर सहा वर्षं थेंबाला शिवले नाहीत. पण दारूबरोबर त्यांचं बोलणंही सुटलं. विचारलं तर होकाराचं 'हव' तेवढं म्हणायचे, नाही तर गॅलरीत बसून ट्रक मोजायचे. अनुश्रीला लहानपणचे, जेवताना भाजीतल्या प्रत्येक मसाल्यावर बोलत बसणारे बाबा आठवत. ते पुन्हा दिसले नव्हते.

म्हणून शुक्रवारी ती एकटीच बाटल्या झाकत-उघडत बसली असताना ते स्वतःहून आत आले, याचं तिला नवल वाटलं.

"तू काहून एकटीच करून राहिली? मी देतो ना ओतून."

"बाबा, नको. तुम्ही..."

"नुसतं ओताचं आहे, पोट्टे. मले काही होत नाही."

सहा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच काही करायला मागितलं होतं. तिला नाही म्हणवलं नाही.

आता तिनं तिन्ही ग्लास पुन्हा हुंगले. पुस्तकात बारोलोसाठी गुलाब आणि डांबर लिहिलं होतं. तिला ना गुलाब आला, ना डांबर. तिनं पहिला घोट घेतला, थुंकला. दुसरा घेतला, थुंकला. जीभ बधिर झाली होती.

"सोमवारी न गेलेलंच बरं," ती म्हणाली. "पहिली अन् दुसरी मले एकसारख्याच लागतात, बाबा. एकदम सारख्या."

"सारख्या कुठं?" अच्युतराव पाठमोरेच म्हणाले. "पहिली तुरट आहे, पण नुसती जिभेवर. घोट गेला की सोडून देते. दुसरी हिरड्यायले धरते. वरच्या, आतून. तेंदूचं कच्चं फळ चावल्यावर कसं ओठ आत ओढल्यासारखं होतं, तसं. अन् सोडत नाही लवकर. तीच तुही बारोलो."

एवढं सलग ते कितीतरी वर्षांत बोलले नव्हते. आवाजही तोच होता, जेवणाच्या ताटावरचा. बोलता बोलता ते वळले होते आणि त्यांचा हात स्वतःच्या वरच्या ओठाशी गेला होता.

मग हात खाली आला.

बाहेर एक ट्रक मागे घेत होते, क्लीनर काचेवर थापा मारत ओरडत होता. अच्युतरावांनी खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी केली आणि तो तसाच हातात धरून ठेवला.

अनुश्रीनं दुसरा ग्लास उचलला. एक घोट घेतला आणि या वेळी ती जिभेकडे लक्ष न देता वरच्या हिरड्यांकडे लक्ष देऊन बसली. थोडा वेळ गेला. मग तिथे, ओठाच्या आत, काहीतरी आवळत आलं. कच्चं तेंदू. ती शाळेत असताना ते फळ तिच्या हातात ठेवून हसणारे बाबाच होते.

तिनं घोट डब्यात थुंकला. वहीत दुसऱ्या क्रमांकासमोर लिहिलं: हिरड्या. त्याखाली रेघ मारली.

"अनू," अच्युतराव म्हणाले.

तिनं वर पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याकडे नीट, डोळे न चुकवता बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती आणि भीतीच्या मागे आणखीही काही होतं, ते तिला जेवणाच्या ताटावरून ओळखीचं होतं. आपण आता काय विचारायला हवं, हे तिला माहीत होतं. कधीपासून, किती वेळा, आईला काय सांगायचं.

"आणि तिसरी?" तिनं विचारलं.

त्यांना प्रश्न कळायला क्षणभर लागला.

"तिसरीले..." त्यांनी घसा साफ केला. "तिसरीले हात नाही लावला मी. खरं सांगतो. तुही शप्पथ."

त्यांचं खरं होतं. तिला ते लगेच पटलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सवाचार वाजले होते. आईला पंडरीहून यायला सात व्हायचे.

अच्युतराव हळूच पुढे आले आणि तिच्या समोरची खुर्ची ओढून बसले, पाहुणे बसतात तसे, अगदी कडेवर.

अनुश्रीनं तिसरा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला आणि पेन्सिल उचलली.