पाचव्या फेरीतला गडी

थेरेसाच्या जुळ्यांचा बाप्तिस्मा झाला ते साल २००८. एप्रिलमधला रविवार होता. पाद्रीबाबांनी पहिल्या नातवाच्या कपाळावर पाणी ओतलं, तो टाहो फोडून रडला आणि तेवढ्यात थेरेसाच्या वडिलांच्या, लेनर्ड स्टासियाकच्या, खिशातला फोन थरथरला. नाव बघून तो बाक सरकवत उठला आणि चर्चच्या पायऱ्यांवर आला.

"लेनर्ड, लांबण लावत नाही," पलीकडून क्लबचे मालक बोलत होते. "तू निवडलेली पोरं आज कुठं आहेत, सांग बघू. अर्धी घरी बसलीत, उरलेली बाकावर. या खेपेला चुकलास तर तुझ्या खुर्चीत दुसरा बसेल. आणि हो, नातवंडांना माझा आशीर्वाद सांग."

लेनर्ड फोन हातात धरून तसाच उभा राहिला. दार ढकलून डोरिस, त्याची बायको, बाहेर आली. नवे बूट तिच्या पायांना चावत होते, त्याचा राग तिला कुणावर तरी काढायचाच होता.

"एकाचं उरकलं. दुसऱ्याच्या वेळी तरी आत असशील ना? की त्यालाही आधी पळायला लावून बघणारेस?"

"मालक होते."

"काय म्हणत होते?"

"पोरांना आशीर्वाद दिलाय."

डोरिसने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "म्हणजे काढतायत तुला," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेली.

टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉलच्या क्लबात कुठला खेळाडू घ्यायचा आणि कुठला नाही, हे ठरवणारा माणूस लेनर्ड. वर्षातून एकदा, एप्रिलच्या शेवटी, देशभरातले क्लब पाळीपाळीने कॉलेजची पोरं उचलतात. त्या दोन दिवसांवर वर्षाची भाकरी असते. त्याआधी सगळ्या पोरांना एका शहरात गोळा करतात, चड्डीवर उभं करून मोजतात, पळवतात, डॉक्टर त्यांचे गुडघे पिळून बघतात. बैलबाजारात दात बघतात, त्यातलाच प्रकार. लेनर्ड हे सगळं बघायचा. पण त्याचा भरवसा वेगळ्याच गोष्टींवर. खेळाची चित्रफीत तो आवाज बंद करून बघे, आणि चेंडूकडे कधीच बघत नसे. ज्याच्या हातून डाव निसटला तो गडी पुढच्या क्षणी काय करतो, ते बघे. मान खाली घालतो, की दुसऱ्याकडे बोट दाखवतो, की उठून पुन्हा धावतो? कॉलेजात गेला की प्रशिक्षकाला नंतर भेटे. आधी कपडे धुणाऱ्याला, खानावळीतल्या बाईला भेटे. आणि शेवटी पोराच्या घरी जेवायला जाई. "माणूस घरच्या टेबलावर नागडा असतो," असं तो आपल्या हाताखालच्या लोकांना सांगे.

त्या वर्षी त्याचा डोळा एका पोरावर होता. कॉर्टलँड पेटिग्रू, मिसिसिपीच्या डेल्टातला, बचावाच्या फळीत मधोमध खेळणारा. समोरचा डाव सुटायच्या आत हा त्या जागी पोचलेला असायचा. वाऱ्याचा वास घेणाऱ्या कुत्र्यासारखा. एवढा गुणी गडी पहिल्या फेरीतच जायचा. पण बाकीच्या क्लबांनी त्याला पार खाली ढकलला होता, कारण पोरगं मठ्ठ आहे असा बोलबाला होता. कॉलेजात पाऊल टाकल्या टाकल्या पोरांची संगणकावर एक परीक्षा घेतात. शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात, थोड्या वेळाने विचारतात, यातलं काय पाहिलं होतंस? पुढे कधी डोक्याला मार बसला तर तीच परीक्षा पुन्हा घेऊन ताडून बघता यावं, म्हणून. कॉर्टलँडचे गुण पहिल्या वर्षीही रडके होते आणि नंतरही तेवढेच रडके.

लेनर्डला हे कळलं तेव्हा तो गालात हसला होता. खेळाडूंची ही चलाखी त्याला पुरती ठाऊक होती. पहिली परीक्षा मुद्दाम वाईट द्यायची, म्हणजे पुढे डोकं गरगरत असलं तरी आकडा तोच येतो आणि कुणी मैदानाबाहेर काढत नाही. अशी वेड पांघरून पेडगावला जाणारी पोरं त्याने पोत्याने पाहिली होती. बाकीचे फसले असतील. तो फसणाऱ्यातला नव्हता.

बाप्तिस्म्याचं जेवण, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, टेबलावर तसंच ठेवून तो त्याच संध्याकाळी दक्षिणेला निघाला. बरोबर अर्ल टिब्स होता. दक्षिणेकडची पोरं हुडकणारा हा लेनर्डचा जुना माणूस. बोलायला फटकळ, खायला हावरा.

कॉर्टलँडची आई, व्हर्नेल, मासे साफ करायच्या कारखान्यात कामाला होती. तिने दारातच त्यांना अडवलं नाही की अवघडू दिलं नाही. "या, या साहेब. पाय पुसत बसू नका, हे घर काही काचेचं नाही. आणि हे तुमचे मित्र? यांना दोनदा वाढावं लागणार, दिसतंच आहे."

"बाई, तुम्ही माणसं ओळखता," अर्ल म्हणाला. "आमच्या क्लबात येता का?"

तळलेला मासा होता, मक्याचा पाव, पालेभाजी, गोड गार चहा. कॉर्टलँड दाराएवढा रुंद, पण खुर्चीत अंग चोरून बसलेला. त्याने आधी आईला वाढलं, मग पाहुण्यांना, शेवटी स्वतःला. लेनर्डने ते मनात टिपलं.

"सर, तुमच्याकडं बर्फ फार पडतं का?" त्याने विचारलं.

"इतकं, की गाडी शोधायला फावडं लागतं."

कॉर्टलँड मोकळं हसला. अर्लने मग त्याच्या कॉलेजच्या प्रशिक्षकाची नक्कल केली, व्हर्नेल पदराने पुसावेत तसे एप्रनने डोळे पुसत हसली. हसू ओसरल्यावर कॉर्टलँडने लेनर्डकडे वळून विचारलं, "सर, बर्फ पडतं का हो तुमच्याकडं?"

व्हर्नेल म्हणाली, "कॉर्ट, साहेबांना मासा वाढ." लेनर्डने मनातल्या मनात टाळी दिली. जेवतानासुद्धा सोंग उतरवत नाही पठ्ठ्या!

मग त्याने आपली नेहमीची परीक्षा काढली. मिठाची बाटली म्हणजे कॉर्टलँड, काटे म्हणजे समोरची फळी, मिरपुडीची बाटली म्हणजे चेंडू फेकणारा. एक नवा डाव त्याने टेबलावर मांडून दाखवला: काटा असा धावला की मीठ असं सरकणार, मिरपूड मागे हटली की चमचा इथली जागा राखणार. कॉर्टलँड कान देऊन ऐकत होता. मग सगळं विस्कटून लेनर्डने जुळ्यांच्या गोष्टी काढल्या. रताळ्याचं गोड खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "हं, आता तो डाव तू मांड."

कॉर्टलँडने मीठ उचललं. ते बरोबर ठेवलं. काटे ठेवले. मिरपूड हातात घेतली आणि थांबला. ती बाटली त्याने बोटांत फिरवली. जणू ती कुणी हातात दिली तेच त्याला समजत नव्हतं. घामाचे थेंब त्याच्या ओठावर उभे राहिले. ताटं गोळा करता करता व्हर्नेलने त्याच्या हातातून बाटली अलगद घेतली, टेबलावर ठेवली आणि करंगळीने मागे सरकवली. नेमकी जागी. तिथून पुढचं कॉर्टलँडने भराभर मांडलं. हातांना आठवत होतं.

"शाब्बास," लेनर्ड म्हणाला.

निघताना व्हर्नेल त्याच्या मागोमाग ओसरीवर आली. तिने दार ओढून घेतलं.

"साहेब, एक सांगायचं राहिलं. माझा कॉर्ट पहिल्यापासून असा नव्हता. शाळेतल्या शेवटच्या वर्षी, त्या एका सामन्यात, त्याला..."

लेनर्डने हात वर केला. "मिसेस पेटिग्रू, मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"माझा जन्म यातच गेला. तुम्ही तोंडाने काही बोललात तर मला ते डॉक्टरांच्या कानावर घालावं लागेल. मग त्याला कुणीच घेणार नाही. म्हणून बोलू नका."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "आणि ठाऊक असून तुम्ही त्याला घेणार?"

"घेणार."

तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिच्या तळव्यांवर सुरीचे बारीक व्रण होते. "याच्याशिवाय त्याला दुसरं काही येत नाही हो आता," ती म्हणाली. "सांभाळा त्याला."

"सांभाळू."

गाडी अर्ल चालवत होता. गाव मागे पडल्यावर तो म्हणाला, "लेन, आईने बाटली सरकवली."

"पाहिलं मी."

"मग?"

"पोरगं सोंग वठवत होतं, आईला बघवेना. उद्या मेहनत वाया जाईल म्हणून घाबरली."

"सोंग? घाम बघितलास त्याचा? अरे, घाम कुणाला आणता येतो का सोंगाने?" अर्लने गाडी कडेला घेतली. "पंचवीस वर्षं तू माझ्या डोक्यात हाणलंस, घरात दिसतं ते खरं. आज तुझ्याच डोळ्यांवर कातडं?"

"डॉक्टरांनी त्याला तपासलंय."

"डॉक्टरांनी आकडे तपासलेत. पहिला आकडा मार बसल्यानंतरचा असेल तर? मी बोलतो डॉक्टरांशी."

"बोल," लेनर्ड म्हणाला. "आणि मग आपण दोघं काय करू, तेही सांग. बासष्ट वर्षांच्या माणसाला कोण कामाला ठेवतं? तुला कोण ठेवतं? तो नसेल तर दुसरा आहे का तुझ्याकडे? आहे एक तरी? नाव घे."

अर्लने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

निवडीच्या आदल्या दिवशी भिंतीवरच्या फळ्यासमोर लेनर्ड एकटा उभा होता. फळ्यावर पोरांच्या नावांच्या पट्ट्या होत्या. ज्याच्या तब्येतीत खोट, त्याच्या पट्टीला लाल ठिपका लावायचा. लाल टिकल्यांची डबी खालीच होती. ओसरीवरचं ते वाक्य त्याच्या मनात येई, 'शाळेतल्या शेवटच्या वर्षी', आणि ते पुरं व्हायच्या आत तो दुसरा विचार काढी. त्याने पेटिग्रूची पट्टी दोन बोटांनी उचलली आणि थोडी वर लावली.

पाचव्या फेरीत त्यांनी त्याचं नाव पुकारलं. लेनर्डने स्वतः फोन लावला. व्हर्नेलने उचलला. "तो इथंच आहे साहेब, पण त्याच्याने बोलवत नाही. मीच बोलते. देव तुमचं भलं करो."

आणि भलं झालंही. कॉर्टलँड खेळला तसा टोलेडोत कित्येक वर्षांत कुणी खेळला नव्हता. पेपरवाल्यांनी लेनर्डच्या नजरेचं कौतुक केलं. मालकांनी त्याच्या थेरेसाच्या पोरांना वाढदिवसाला लाकडी घोडे पाठवले. अर्ल मात्र बैठकीत समोरासमोर बसेनासा झाला. कॉर्टलँड कधी सरावाला दुसऱ्याच दारातून यायचा, कधी सोबत्याला भलत्या नावाने हाक मारायचा. पोरं हसायची, तोही हसायचा. लेनर्ड खिडकीतून बघायचा. मैदानात उतरला की पोरगं चुकायचं नाही, आणि तेवढ्यावर लेनर्डला झोप यायची.

दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात, एका बुधवारी, सरावात दोघे एकमेकांवर आदळले. फार जोराची धडक नव्हती. बघणाऱ्याच्या लक्षातही राहू नये अशी. कॉर्टलँड उठला. अंगावरची माती झटकली. मग मैदान ओलांडून जिथे कुणीच नव्हतं त्या रिकाम्या बाकाकडे गेला, नीट बसला आणि आडवा झाला.

व्हर्नेल रात्रभर प्रवास करून सकाळी टोलेडोच्या इस्पितळात पोचली. पातळ कोट, हातात पर्स. लेनर्ड वऱ्हांड्याच्या टोकाला उभा होता. डॉक्टरांनी तिला सांगितलं, जुनी इजा होती, फार जुनी. कुणाला कल्पना होती का? तिने हातातली पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली. डॉक्टर गेल्यावर तिने लेनर्डकडे पाहिलं.

"मी सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "पुरतं सांगायला पाहिजे होतं. तुम्ही म्हणालात ठाऊक आहे, आणि मला बरं वाटलं. सांगायचं टळलं म्हणून बरं वाटलं. साहेब, खरं बोला. तुम्हाला खरंच ठाऊक होतं का? की मी गप्प बसले म्हणून माझं लेकरू..."

तो सोंग करतोय असं मला वाटलं होतं, हे उत्तर लेनर्डच्या ओठांवर आलं होतं. ते खरंही होतं, निदान इतके दिवस त्याने ते खरं मानलं होतं. ते बोलला असता तर तो सुटला असता, आणि सगळा भार त्या बाईच्या उरावर पडला असता.

"मला ठाऊक होतं," लेनर्ड म्हणाला. "तुम्ही सांगून काही वेगळं झालं नसतं. मी त्याला घेणारच होतो."

व्हर्नेल त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काय आहे ते बघायला तो थांबला, मान त्याने खाली घातली नाही. मग तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला. दोघं समोरच्या बंद दाराकडे बघत राहिले.

कॉर्टलँड पेटिग्रू गुरुवारी, १९ नोव्हेंबर २००९ रोजी, टोलेडोच्या त्या इस्पितळात वारला. तो तेवीस वर्षांचा होता.